हिरवा की निळा? घर रंगवण्याआधी थोडे बोलू

वर्षावास संपत आला, अशोक विजयादशमी तोंडावर आली की आळे गावात आणि आळेफाट्याच्या आसपासच्या आपल्या वस्त्यांत घरोघर रंगाचे डबे निघतात. एरवी आम्ही वस्तीत गेलो की रक्तदाबाची, साखरेची, पाळीची विचारणा होते. या दिवसांत मात्र बाया दुकानातून आणलेले रंगाचे कार्ड पुढे धरतात आणि विचारतात, "ताई, आकाशी बरा का पिस्ता?" यंदा हा प्रश्न इतक्या घरांत निघाला की आरोग्याचे पान त्यालाच द्यायचे आम्ही ठरवले. आमच्यापैकी बहुतेकींनी नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात वर्षे काढली आहेत. रंगाच्या दुकानाचे ज्ञान आम्हाला कमी. पण भिंतीचा रंग आणि माणसाची तब्येत यांचा संबंध कुठे येतो, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

आधी मनातले बोलून टाकू. निळ्याशी आपले नाते कुणी समजावून सांगावे असे नाही. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा, आणि १४ एप्रिलला सारी वस्तीच निळी होते. म्हणून घरातल्या कर्त्या माणसाने "निळाच" असे आधीच सांगून ठेवलेले असते आणि सासू-सुना पिस्त्यावर अडलेल्या असतात. एका घरी तर "हिरवा आपला नाही" असेही ऐकले. आम्हाला ते पटत नाही. बोधिवृक्षाचे पानही हिरवेच आहे. रंगावर कुणाचा सातबारा नसतो. तेव्हा आवडीचा वाद घरातल्या घरात मिटवा. आम्ही डोळा, फुप्फुस, तान्ह्या बाळाची कातडी आणि लेकराचा मेंदू यांच्या बाजूने या दोन रंगांकडे बघणार आहोत.

एका खिडकीची खोली

वस्तीतले घर म्हणजे बहुधा दहा बाय दहाची खोली, एक खिडकी, आणि तीही कधी शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. अशा खोलीत रंगाचे पहिले काम उजेड परत फेकणे. पांढरा चुना सगळ्यांत जास्त उजेड परत देतो. फिका आकाशी आणि फिका पिस्ता हे दोघे निम्म्याहून बराच अधिक देतात, आणि दोघांत फारसा फरक नाही. फरक आहे तो फिक्या आणि गडद यांच्यात. झेंड्यासारखा गडद निळा किंवा बाटलीसारखा गडद हिरवा आपल्यावर पडलेल्या उजेडाचा जेमतेम दहावा भाग परत देतो, बाकीचा पिऊन टाकतो. त्याच बल्बखाली मग तांदळातले खडे दिसत नाहीत, सुईत दोरा ओवत नाही आणि पोरगे वहीत नाक घालून बसते. गडद निळा हवाच असेल तर दाराच्या वरची एक पट्टी रंगवा, किंवा बाबासाहेबांची आणि तथागतांची तसबीर असते ती एकच भिंत. चारी भिंती नकोत.

डोळ्याची एक गंमत आहे. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी अंगणातल्या जास्वंदीकडे बघा. दुपारी लालभडक दिसणारे फूल काळपट होते आणि पाने त्यामानाने उजळ दिसू लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुर्किंजे नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे टिपून ठेवले. कमी उजेडात आपला डोळा तांबड्यापेक्षा निळ्या-हिरव्याला जास्त दाद देतो. म्हणजे अंधाऱ्या खोलीसाठी गुलाबी किंवा विटकरीपेक्षा हे दोन्ही रंग चांगलेच. सासूही बरोबर, सूनही बरोबर.

"निळा रंग थंड असतो म्हणतात, खरं का?" असेही विचारतात. डोळ्याला थंड वाटतो, एवढेच. आपल्याकडे पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक. पत्र्याखालच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये जी भट्टी होते, ती आतल्या भिंतीच्या रंगाने अंशभरही कमी होत नाही. ऊन वरून येते, म्हणून उपायही वरच हवा. पत्र्यावर किंवा स्लॅबवर बाहेरून पांढरा चुना किंवा पांढरा रंग मारा. अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेच्या लाटेविरुद्ध आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याची मोहीम हाती घेतली, ती याच कारणाने. भिंतीच्या रंगासाठी काढलेल्या पैशांतले थोडे छपरासाठी ठेवा.

आणि डासांचे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवले की डेंग्यूचा एडिस डास माणसाच्या श्वासाचा वास आल्यावर लाल, नारिंगी, काळ्या आणि मोरपंखीकडे झुकणाऱ्या निळसर रंगाकडे झेपावतो. हिरव्या, निळ्या आणि पांढऱ्याकडे दुर्लक्ष करतो. हा प्रयोग पेटीतला होता. घराला आकाशी दिला म्हणून डेंग्यू टळेल असे कुणी समजू नये. पिंप कोरडे करणे चुकत नाही. फिक्या भिंतीवर बसलेला डास दिसतो आणि मारता येतो, हा फायदा मात्र रोकडा आहे.

बाळाची कातडी कुठे बघाल?

आता आमच्या वॉर्डातला विषय. ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टर-नर्सचे कपडे हिरवे किंवा निळे का असतात, असे पुष्कळ जण विचारतात. पूर्वी ते पांढरे असत. लाल रक्ताकडे एकटक बघून नजर पांढऱ्या कपड्यावर गेली की डोळ्यापुढे हिरवट डाग नाचतात. सान फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मन नावाच्या सर्जनने १९१४ साली थिएटरच हिरवे करून टाकले आणि पुढे जगभर ती चाल पडली. हिरव्या पार्श्वभूमीवर लाल ठळक दिसतो. पण बाळंतिणीच्या खोलीत आपल्याला रक्त बघायचे नसते. तिथे दोनच रंग ओळखायचे असतात: कावीळीचा पिवळा आणि श्वास कोंडल्याचा निळा. नेमके हे दोन्ही रंग रंगीत भिंतीच्या खोलीत फसवतात.

भिंतीवरून परतलेला उजेड भिंतीचा रंग घेऊन येतो. गडद हिरव्या खोलीत बाळ हिरवट-पिवळे दिसते. तिथे दोन गोष्टी घडतात. कधी निरोगी बाळाला घेऊन घरचे घाबरून धावतात. कधी "खोलीचाच रंग आहे तो" म्हणून खरी कावीळ दोन दिवस अंगावर काढली जाते. गडद निळ्या खोलीत ओठांची निळसर झाक भिंतीच्या निळ्यात बुडून जाते. म्हणूनच नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात भिंती फिक्या आणि कोणत्याही गडद रंगाकडे न झुकणाऱ्या ठेवतात.

याचा घरातला उपाय बिनखर्ची आहे. बाळ बघायचे ते दिवसाउजेडी, दारात किंवा खिडकीशी, पांढऱ्या कपड्यावर ठेवून. कपाळावर आणि छातीवर बोटाने हलके दाबा, बोट उचला, आणि दाबलेली जागा पिवळी दिसते का बघा. आपली बाळे सावळी असतात, म्हणून डोळ्यांचे पांढरे, हिरड्या, तळहात आणि तळपाय बघायला विसरू नका. निळेपणा ओठांच्या आतल्या बाजूला आणि जिभेवर बघतात. बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पिवळे दिसले, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेना किंवा सुस्त पडले, तर रात्र असो की पाऊस, थांबू नका. १०८ ला फोन करा. जीभ निळी दिसली तर घड्याळही बघू नका. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांनाही बाळ उजेडात दाखवा. आतल्या खोलीत वीस वॅटच्या दिव्याखाली नको.

यातूनच एक गैरसमज पसरला आहे. दवाखान्यात कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, म्हणून काही घरांत बाळाच्या कोपऱ्याला निळा रंग देतात किंवा निळा झिरोचा बल्ब लावतात. त्याने काही होत नाही. दवाखान्यातला निळा उजेड ठरावीक लांबीच्या लहरींचा आणि पुष्कळ तीव्र असतो, आणि तो कातडीतला पिवळा घटक बाहेर टाकता येईल अशा रूपात बदलतो. या उपचाराची सुरुवात एका नर्समुळे झाली, हे आम्ही अभिमानाने सांगतो. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड बाळांना बागेतल्या उन्हात नेत असत. एका बाळाची कातडी उन्हात उघडी राहिली तिथे फिकी आणि दुपट्याने झाकली होती तिथे पिवळी, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवले. १९५८ साली त्यावरचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पण म्हणून बाळाला उन्हात ठेवणे हा आजचा उपचार नव्हे. भिंतीच्या निळ्याने तर काहीच साधत नाही.

चुना, नीळ आणि बुरशी

आमच्या आज्या भिंतीला चुना मारत आणि त्यात चिमूटभर नीळ टाकत. ही रीत नुसती गरिबीची नव्हे, शहाणपणाची होती. ओला चुना तिखट अल्कली असतो, त्यात बुरशी जगत नाही. शिवाय चुन्याच्या थरातून भिंत श्वास घेते. आत मुरलेली ओल बाहेर निघून जाते. त्याच ओल्या भिंतीवर ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते, फुगे येतात, पापुद्रे सुटतात आणि मागे काळी बुरशी माजते. ज्या घरात लेकराला दमा आहे किंवा म्हातारीला खोकल्याची उबळ येते, तिथे ओल्या भिंतीला ऑइलपेंट देऊच नये. केंद्राच्या बांधकाम खात्याच्या रीतीप्रमाणे किलोभर चुन्याला तीन ग्रॅमपर्यंत नीळ पुरते, म्हणजे भिंत पांढरीशुभ्र वाटते. आकाशी हवा असेल तर नीळ वाढवा.

नीळ मात्र भुकटीची घ्या. कपड्यांसाठी बाटलीत मिळते ती पातळ नीळ चुन्यात टिकत नाही. हिरव्याचे थोडे वेगळे आहे. बाजारातला प्रत्येक हिरवा चुन्यात तग धरत नाही. ज्या हिरव्यात प्रशियन निळा आणि पिवळा यांचे मिश्रण असते, त्यातला निळा चुना खाऊन टाकतो आणि महिन्याभरात भिंत गढूळ पिवळी होते. चुन्यात हिरवा हवा असेल तर फरशीच्या सिमेंटमध्ये घालतात ती हिरवी ऑक्साइडची भुकटी मागा.

या ठिकाणी आम्ही उघड निळ्याच्या बाजूने आहोत, आणि कारण राजकीय नाही. हिरव्या भिंतीवर शेवाळ आणि बुरशी लवकर दिसत नाही. न्हाणीच्या कोपऱ्यात, माठाच्या मागे, पत्र्याच्या कडेला ती महिनोन्‌महिने लपते. फिक्या आकाशीवर पहिला काळा ठिपका उठला की नजरेत भरतो. मोरी, न्हाणी आणि स्वयंपाकाचा कट्टा यांना आकाशी चुना द्या. झोपायच्या बाजूला पिस्ता दिला तरी आमची हरकत नाही.

कळीचा चुना घरी विरवत असाल तर लेकरांना दूर पाठवा. पाणी पडताच तो उकळतो आणि उडतो. डोळ्यात गेला तर डोळा चोळू नका, त्यात तेल-तूप घालू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान वीस मिनिटे धुवा आणि तसेच दवाखाना गाठा. चुन्याने डोळा गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. पहिल्या पाच मिनिटांत पाणी मिळाले असते तर त्यातले काही डोळे वाचले असते.

दारावरचा जुना हिरवा

आतापर्यंतचे सगळे सोयीगैरसोयीचे होते. जे सांगण्यासाठी आम्ही हे पान घेतले, ते आता सांगतो.

भिंतीचा रंग आणि दार-खिडकी, गज, पाळणा, पत्र्याची पेटी, लोखंडी खाट यांवरचा ऑइलपेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. आणि तिथे हिरवा व निळा हे सारखे नाहीत.

ऑइलपेंटचा हिरवा पुष्कळदा दोन रंगांच्या मिश्रणातून करत: एक प्रशियन निळा, दुसरा क्रोमचा पिवळा. हा क्रोमचा पिवळा म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचे संयुग. झळझळीत पिवळा, नारिंगी आणि लाल यांतही तेच वापरत. निळ्याला या पिवळ्याची गरज नसते, म्हणून रंगद्रव्यामुळे येणारे शिसे जुन्या निळ्यात सहसा कमी. पण निळा निर्दोष आहे असे समजून निश्चिंत होऊ नका. रंग लवकर वाळावा म्हणून शिशाचे वाळवणारे द्रव्य कोणत्याही रंगात घालत, आणि फिका रंग करण्यासाठी पूर्वी पांढरे शिसेही वापरत. जुन्या दारावर हिरवा असेल तर जास्त सावध राहा, निळा असेल तरी सावध राहा.

हिरव्याला विषाचा हा इतिहास जुना आहे. १७७५ साली शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने आर्सेनिक आणि तांबे यांपासून एक सुंदर हिरवा काढला. पुढच्या शतकात युरोपात तो भिंतीच्या कागदांवर आणि कपड्यांवर चढला. ओल्या भिंतीत बुरशी वाढली की त्यातून विषारी वायू निघे, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोसिओ या इटालियन डॉक्टरने सिद्ध केले. तोवर किती लेकरे त्या सुंदर खोल्यांत झुरली असतील, कोण जाणे.

रंग विषारी असावाच लागतो असे मात्र नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतला हिरवा सह्याद्रीच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीपासून केलेला आहे. तिथला निळा लाजवर्द या दगडाचा, आणि तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला. सुरुवातीच्या लेण्यांत तो निळा नाही. पाचव्या शतकातल्या चित्रांत आहे. हिरवा घरचा आणि निळा हजार कोसांवरून आलेला, दोघे दीड हजार वर्षे टिकून आहेत. आज पुडीत मिळणारी निळीची भुकटी रसायनाच्या दृष्टीने त्या लाजवर्दाच्या निळ्याचीच बहीण आहे. ती कारखान्यात करण्याची युक्ती १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये सापडली आणि राजांचा रंग आपल्या आजीच्या चुन्याच्या बादलीत आला.

शिशाकडे परत येऊ. शिसे पोटात गेले की शरीराला ते कॅल्शियम आणि लोह यांच्यासारखे वाटते. ते रक्तात मिसळते, मेंदूत जाते, हाडांत घर करते आणि तिथे वर्षानुवर्षे राहते. बाई गरोदर राहिली की हाडांतले कॅल्शियम बाळासाठी निघते आणि त्याच्याबरोबर शिसेही बाळाकडे जाते. पोटात गेलेल्या शिशातले जेवढे मोठ्या माणसाच्या अंगात मुरते, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या अंगात मुरते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचे 'एवढे चालते' असे कोणतेही प्रमाण नाही. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' या संस्थेच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज होता की भारतात सुमारे २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आहे. सगळे रंगातून आलेले नाही. जुन्या बॅटऱ्या वितळवणे आणि भेसळीचे मसाले हीही कारणे आहेत. पण रंग आपल्या हातातला आहे.

हे शिसे लेकराच्या पोटात जाते कसे? कुणी रंग खात नाही. खिडकी रोज उघडते-मिटते, चौकटीला घासते आणि त्याची बारीक धूळ पडते. दाराचे पापुद्रे उंबऱ्यावर गळतात. रांगते मूल तिथेच खेळते आणि हात तोंडात घालते. दात येताना खिडकीचा गज चावते. लक्षणे अशी असतात की कुणाला शंका येऊ नये: पोट दुखते, शी साफ होत नाही, मूल चिडके होते, रंग उडतो, अभ्यासात मागे पडते. लोहाच्या गोळ्या देऊनही पांढरेफटकपणा जात नाही. आणि शाळेत मास्तर म्हणतात, "याचं डोकंच चालत नाही." आपल्या लेकरांच्या बाबतीत हे वाक्य फार सहज उच्चारले जाते. म्हणून आम्ही म्हणतो, आधी घराची चौकट बघा. जुना ऑइलपेंट गळत असेल आणि मूल असे असेल तर डॉक्टरांना रक्तातले शिसे तपासायला सांगा. मोठ्या प्रयोगशाळा ही तपासणी करतात. ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाले तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करायचे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा सल्ला आहे. बाजरी, नाचणी, पालेभाज्या, दूध, अंडे यांतून लोह आणि कॅल्शियम पुरेसे मिळाले तर शिसे अंगात कमी मुरते. उपाशीपोटी जास्त मुरते, म्हणून मुलाला न्याहारी चुकवू देऊ नका.

कायदा काय म्हणतो? घराच्या आतल्या रंगकामात पांढरे शिसे वापरण्याविरुद्धचा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२१ मध्येच केला होता. आपल्याकडे घरगुती रंगांना मर्यादा घालणारा नियम यायला २०१६ चा नोव्हेंबर उजाडला, आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याप्रमाणे घरगुती आणि सजावटीच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही, आणि तसे डब्यावर लिहिलेले असावे लागते. याचे दोन अर्थ निघतात. २०१७ च्या आधी रंगवलेल्या दार-खिडकीत शिसे आहे असेच धरून चाला, वरून नवा हात दिला असला तरी. आणि नवा डबा घेताना ती ओळ वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला दुकानात बरोबर न्या.

नियमात एक फट आहे. तो घरगुती रंगांपुरता आहे, गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या रंगांना लागू नाही. आळेफाट्यावर पुणे–नाशिक आणि कल्याण–नगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे गॅरेजांना तोटा नाही. ट्रॉलीला किंवा टेम्पोला मारून उरलेला हिरवा, निळा, नारिंगी रंग फुकट किंवा अर्ध्या किमतीत घरी येतो आणि पाळण्याला, पेटीला, खाटेला लागतो. बिनलेबलच्या सुट्या रंगाचेही तेच. तो घरात नको. विहाराच्या फाटकाचा आणि कठड्याचा विचार करा. पंचशील ध्वजाचा पिवळा, लाल, केशरी तिथे ऑइलपेंटमध्ये वर्षानुवर्षे थरावर थर चढलेला असतो, आणि बालसंस्काराला आलेली पोरे त्याच कठड्याला लोंबकळतात. विहार समितीने यंदा रंग काढताना हे ध्यानात घ्यावे.

रंग काढण्यातच खरा धोका. चांगला घट्ट बसलेला जुना थर खरवडू नका, त्यावरच नवा हात द्या. पापुद्रे सुटलेच असतील तर पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासा. कोरडे घासायचे नाही, बर्नरने जाळायचे तर मुळीच नाही; त्याचा धूर आणि धूळ सगळ्यांत वाईट. खाली जुनी ताडपत्री किंवा कागद अंथरा, काम झाले की गुंडाळून टाका. झाडू फिरवू नका, ओल्या फडक्याने दोनदा पुसा. गरोदर बाई आणि सहा वर्षांखालची मुले त्या दिवशी शेजारी पाठवा. ऑइलपेंटचा वास जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस, दमेकऱ्यालाही तिथे झोपवू नका.

आणि हे काम करतो कोण? आपल्याच वस्तीतली पोरे. कोरड्या पॉलिश पेपरने दिवसभर घासून, नाकाला रुमालही न बांधता, तीच धूळ केसांत आणि शर्टावर घेऊन घरी येतात आणि दारातच लेकराला उचलतात. आधी हातपाय-तोंड धुवा, कपडे बदला, मग लेकराला घ्या. कामाचे कपडे वेगळे धुवा. कामावर असताना तंबाखू मळू नका; हातावरची धूळ सरळ पोटात जाते. रंगकाम करणाऱ्याला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. वय १८ ते ६० आणि वर्षात किमान ९० दिवसांचे काम, एवढी अट. मालकाची चिठ्ठी मागायला लाजू नका. आजारपण आणि मुलांचे शिक्षण यांसाठीच्या योजना नोंदणी झालेल्यालाच मिळतात.

काम संपल्यावर उरलेला थिनर आणि रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरून माठाशेजारी ठेवायची सवय घरोघर आहे. ती आजच मोडा. दर उन्हाळ्यात एखादे तहानलेले लेकरू ती बाटली तोंडाला लावते. असे झाले तर मुलाला उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका. उलटीबरोबर रॉकेल फुप्फुसात जाते आणि तेच जिवावर बेतते. तोंड पुसा, भिजलेले कपडे काढा, बाटली बरोबर घ्या आणि १०८ ला फोन करा.